कोमट बॉनेट

"इंजिन थंड असतानाच सुरू करून बघायचं असतं," असं तिनं पहिल्याच दिवशी सुनावलं, तेव्हा जुन्या गाड्यांच्या आवारातला मेकॅनिक हात पुसता पुसता थांबला होता. इतर गिऱ्हाइकं आधी रंग विचारत.

आज तिची तिसरी खेप. सोमवारी साठ किलोमीटरवरच्या प्रयोगशाळेत रुजू व्हायचं होतं. तिथं बस जात नव्हती. वर दादा म्हणाला होता, "गाडी म्हणजे परीक्षानळी नव्हे! मी बघतो." म्हणूनच आज गाडी ठरवायची, आणि तिनंच.

वहीत दोन रकाने होते. निळी नऊ वर्षांची, देखणी. पण दाराखाली गंज, आणि ब्रेक दाबला की डावीकडे ओढायची. पांढरी बारा वर्षांची, रूपानं बेताची, बाकी सरळ.

नेहमीसारखा तिनं बॉनेटवर तळहात टेकवला. निळी गार. पांढरी... कोमट!

तापलेलं इंजिन सुरू होतानाची खोड लपवतं, हे तिला ठाऊक होतं. मेकॅनिकलाही.

"सकाळी कुठे फिरवून आणलीत हिला?"

"नाही हो... इथंच. पाच मिनिटं चालू ठेवली."

"का? सुरू व्हायला त्रास देते?"

"छे! एका झटक्यात होते."

"मग?"

त्याचे कान लाल झाले. "तुम्ही हात लावणार, माहीत होतं. संशय आला असता, तर तुम्ही... आणखी एकदा आला असतात."

"आणि मी निळी घेतली असती तर?"

"घेऊच दिली नसती!"

"वा! सख्ख्या भावाचं ऐकत नाही मी. तुमचं ऐकेन?" हसू ओठांशी आलं होतं, पण आवाज ठाम. "गार होईपर्यंत थांबणार मी."

"तास तरी लागेल..."

"लागू दे."

त्यानं दोन स्टुलं आणली. दर थोड्या वेळानं ती बॉनेट चाचपून बघे. चौथ्यांदा त्यानंही हात ठेवला — तिच्यापासून वीतभर लांब. दोघांनीही लगेच उचलला नाही.

"गार झालीय," तो हळूच म्हणाला.

"हो. मघाशीच."

तिनं किल्ली फिरवली. पांढरी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. तिनं निळीच्या रकान्यावर काट मारली.

"हीच घेते. आणि भेटावंसं वाटलं, तर सरळ सांगायचं. गाडीला बदनाम करायचं नाही."

त्यानं पुन्हा बॉनेटवर हात टेकवला. "रविवारी... भेटावंसं वाटतंय."

"दहा वाजता तयार राहा," ती म्हणाली. "मी न्यायला येईन."