उतरवणारा माणूस

नवऱ्याचं आणि पाण्याचं कधी पटलं नाही. बादलीभर पाण्यातही तो बुडून दाखवेल, असं बायको चारचौघांत सांगायची. ती स्वतः मात्र भलामोठा पतंग कमरेच्या पट्ट्याला अडकवून, पायाखाली फळी घेऊन लाटांवरून पळायची. काइटसर्फिंगचं हे खूळ तिला कॉलेजपासूनचं.

तिला हाडांच्या दवाखान्यात नोकरी लागली म्हणून दोघं या शहरात आली. त्याने चष्म्यांचं चालतं दुकान भावावर सोपवलं. इथे त्याच्या ओळखीची माणसं दोनच. एक बायको, दुसरा घरमालक, आणि तोही जिन्यात भेटला की मोबाइलमध्ये डोकं घालायचा.

"किनारा सुरक्षित असेल तरच पाण्यात जायचं," नवऱ्याने बजावलं. "तुझं काही झालं तर या गावात मी भांडू कोणाशी?"

मग सुट्टी आली की किनारे बघणं सुरू झालं. पहिल्याची वाळू छान होती, पण ओहोटी लागली तसे खडक दात विचकून वर आले. दुसऱ्यावर वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता. "हा वारा नेतो, परत आणत नाही," असं म्हणून तिने पिशवी उघडलीसुद्धा नाही. तिसऱ्यावर अंघोळ करणाऱ्यांची एवढी गर्दी, की दोरी कोणाच्या तरी गळ्याला लागलीच असती.

शेवटी पतंगांच्या दोऱ्या विकणाऱ्या दुकानदाराला तिने विचारलं. त्याने उत्तरेकडचा एक किनारा सांगितला. तिरपा वारा, नुसती वाळू, चिटपाखरू नाही.

"मग तुम्ही लोक तिथे का जात नाही?"

"पतंग उतरवायला कोणी नसतं हो तिथे."

"मी आहे ना!" नवऱ्याने छाती काढली.

दुकानदार हसला नाही. "मग जा. पण आपलाच उतरवा," म्हणाला.

हे उतरवण्याचं काम त्याला तिने घोटून शिकवलं होतं. पाण्यातल्या माणसाने डोक्यावर हात थोपटला की त्याला परत यायचं असतं. काठावर जो असेल त्याने, ओळख असो नसो, पुढे होऊन पतंग धरायचा. धरेपर्यंत नजर पतंगावरून हलवायची नाही. "माझं तोंड घरी बघ," ती म्हणायची.

किनारा खरंच सांगितल्यासारखा होता. तिचा नारिंगी पतंग वर गेला आणि ती सरसर लांब गेली. नवरा वाळूवर चहा पीत बसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला हे शहर बरं वाटलं.

थोड्या वेळाने पाण्यावर दोन पतंग दिसले. दोन्ही नारिंगी. तिला सोबत मिळाली म्हणून त्याला आनंदच झाला.

मग एक पतंग काठाकडे आला. दोऱ्यांच्या टोकाला बायको डोक्यावर हात थोपटत होती. तो धावला, पतंगावर नजर ठेवून, शिकवल्याबरहुकूम. पतंग अलगद त्याच्या हातांत आला.

"जमलं की नाही?" त्याने विचारलं.

"हो," ती म्हणाली. ओले केस तोंडावर आले होते. ती त्याच्याकडे बघतच राहिली.

दुसरा पतंग अजून वरच होता. त्याच्या खालची व्यक्ती डोक्यावर हात थोपटत होती. एकदा, दोनदा, मग सारखं.

"त्यांनाही उतरवतो," तो म्हणाला.

तिने त्याचा हात धरला. "येईल कोणीतरी. माझ्यासाठी आलंच ना."

तिची बोटं पाण्याने सुरकुतली होती. सुरकुत्या मनगटापर्यंत, तिथून पार कोपरापर्यंत गेल्या होत्या. पाण्यात उतरून तिला तासही झाला नव्हता.

त्याने हात सोडवला आणि धावत पाण्यात शिरला. गुडघाभर, मग कमरेभर. एवढ्या पाण्यात तो जन्मात गेला नव्हता. त्याने बायकोला नावाने हाक मारली.

वारा एकदम पडला.

समोर सपाट पाणी होतं. पतंग नव्हता. तो खूप वेळ हाका मारत राहिला.

मागे, गाडीशेजारी, ती शांत उभी होती.

परतताना गाडी त्यानेच चालवली. तिच्या केसांतून पाणी ठिबकत होतं, घर आलं तरी थांबलं नव्हतं. त्याने कुलूप काढलं, दिवा लावला. ती उंबऱ्याबाहेरच थांबली.

"आत येऊ?" तिने विचारलं.

त्याला तिची भीती वाटली. मग त्याने मागे वळून रिकाम्या घराकडे पाहिलं, आणि त्याची त्याला जास्त भीती वाटली.

"ये," तो म्हणाला, आणि तिला वाट द्यायला बाजूला झाला.