अड्याळच्या ताईचा मेसेज

गोलू, शेकोटीत दोन काड्या सरकव गा. अना डिंपल, तू तो मोबाईल खाली ठेव. ठेव म्हणलं ना. मी जे सांगून राहिलो ते मोबाईलमधलंच आहे, पण मले ते मोबाईलनं नाई सांगितलं. कैलाशनं सांगितलं. माहा भाचा, लाखनीचा. खताचं दुकान आहे ना ज्याचं, तो. पुढचं सकाळचं तं मी माह्या डोळ्यानं पाह्यलं.

दोन वर्षं झाली. बारा डिसेंबर, मंगळवार. कार्तिकातली अमावस्या होती. धान कापून झाले होते, बांध्यांमध्ये भाऱ्यांचे पुंजने रचून ठेवले होते. थंडी अशीच, आजच्यासारखी.

कैलाशची बायको दामिनी. तिले पोटाचा कॅन्सर होता. नागपूरच्या चकरा, सलाईन, केस गेले, सगळं झालं. मंग डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा, जे खाईन ते खाऊ द्या. तुमाले समजते ना असं म्हणते तवा काय असते ते? तं तेच.

पाहुणे पहिले पहिले आले, मंग कमी झाले. कोणी आलंच तं सांगे, अमक्या गावच्या वैद्याची मुळी घ्या. बिचारी दामिनी ऐकून घे. मंग भंडाऱ्याच्या रिता मॅडमनं तिले अना कैलाशले मोबाईलवरच्या एका ग्रुपात घेतलं. मॅडमले स्वतःले कॅन्सर होऊन गेला होता. ग्रुपचं नाव ‘सोबत’. त्यात सगळे असेच. कोणी पेशंट, कोणी पेशंटचं घरचं. तोंड आलं तं काय करायचं, उलटी थांबत नसन तं काय द्यायचं, असं एकमेकाले सांगत. पण रात्री, कैलाश म्हणे, रात्री तो ग्रुप वेगळाच होऊन जाये मामा. कोणाले दुखे, झोप नाई येये, तं तो नुसतं लिहे, ‘कोणी जागं आहे का?’ अना कोणी ना कोणी उत्तर दे, ‘हाओ, मी आहे.’

ते ‘हाओ, मी आहे’ बहुतेक रुखमाताईचं राहे. रुखमाताई अड्याळच्या. त्यायच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं, स्वरपेटीच काढून टाकली. गळ्याले भोक, त्याच्यातूनच श्वास. आवाज गेला तो गेलाच. बाकीचे बोलून मेसेज पाठवत, ताई फक्त टाईप करत. दामिनी अना त्या कधी भेटल्या नाई, पण रोज रात्रीच्या दोन बहिणी होत्या. एक अजून. ताईनं मोबाईलमध्ये असं करून ठेवलं होतं का पाठवलेलं सगळं एका दिवसात आपोआप पुसून जाये. म्हणे, मागचं दुखणं वाचत कायले बसायचं?

तं त्या मंगळवारी ताईची मशीन बिघडली. गळ्याच्या भोकात कफ अडकते ना, तो ओढून काढायची मशीन. ग्रुपात एकानं सांगितलं, माह्या वडलायची मशीन घरी पडून आहे, त्यायले आता लागत नाई. त्यानं साकोलीहून ती बसमध्ये ठेवून दिली. लाखनीले कैलाशनं उतरवून घेतली. आता अड्याळले पोचवायची कोणी?

ताईचा मेसेज दुपारीच आला होता, ‘सकाळी आणा भाऊ. रात्र निघून जाईन.’

दामिनी खाटेवरून म्हणाली, “तुमी आताच जा. रात्री तिचा जीव कोंडते. मले माहीत आहे.”

“अना तू?”

“मी कुठं पळून चालली? आई आहे ना.”

तिची आई, गोदावरीबाई, महिन्याभरापासून तिथंच होती. तीबी म्हणाली, “जा जवाईबापू. मी बसतो हिच्यापाशी.”

कैलाशनं मशीन गाडीले मागं बांधली. मफलर गुंडाळला. दामिनीच्या कपाळावर हात ठेवला, ताप नव्हता. निघाला तवा साडेआठ वाजले होते.

लाखनी सुटली, ट्रकचा गोंगाट मागं राह्यला. गावं लागली तिथं शेकोट्या पेटल्या होत्या. मंग जंगलाचा पट्टा लागला. दोन्हीकडून झाडं, मधात सडक, अना गाडीच्या लाईटीपुरता उजेड. समोरून कोणी नाई, मागून कोणी नाई.

खिशात मोबाईल थरथरला.

त्याले वाटलं घरचा आहे. गाडी बाजूले घेतली. पाह्यलं तं रुखमाताई.

‘परत जा भाऊ.’

कैलाश हसला. म्हणे, बाईले संकोच वाटून राहिला. त्यानं लिहिलं, ‘अर्ध्यात आलो ताई, येतोच.’ पाठवलं. मेसेज जायेना. वर पाह्यलं तं टावरची एकही दांडी नाई. जंगलात रेंज नसतेच तिथं.

मंग ताईचा कसा आला?

असन, मागं गावात आला असन, आता वाजला असन. असं म्हणून त्यानं गाडीले किक मारली. थोडा पुढं गेला. पुन्हा थरथरला.

‘घरी जा.’

त्यानं घरी फोन लावला. लागेना. दामिनीले लावला. लागेना. सडकेच्या मधात उभा राह्यला तो, मोबाईल वर धरून. काहीच नाई. त्याचा मेसेज अजून तिथंच अडकून होता.

अना तेवढ्यात... ताईच्या नावाखाली अक्षरं आली. टाईप करून राहिल्याची नाई.

रेकॉर्डिंग चालू असल्याची.

डिंपल, अशी काहून पाहून राहिली? सरक इकडं.

मोबाईल हातात, तो पाहून राहिला. ज्या बाईले आवाजच नाई, ते काय रेकॉर्ड करन? अक्षरं तशीच. किती वेळ, त्याले नाई सांगता आलं. मंग गेली. मेसेज आला. त्यानं कानाले लावला.

पहिले नुसती शांतता.

मंग बाईचा आवाज. साधा. स्वच्छ. जसा कोणी ओसरीवरून बोलते तसा.

“कैलाशभाऊ... दामिनी एकटी आहे.”

बस. एवढंच.

तो म्हणे, मामा, मन म्हणे परत फिर. पण डोक्यानं म्हणलं, सून असन. ताईनं सुनेले बोलायले लावलं असन. अना दामिनी एकटी कुठं होती? आई होती ना तिच्यापाशी. लाखनी मागं दूर राह्यली, अड्याळ जवळ आलं होतं. मशीन माह्यापाशी. तिकडं एक जीव कोंडून राहिला. तुमी काय केलं असतं मामा?

मी काय सांगू त्याले? तुमी सांगा पोट्टेहो, तुमी काय केलं असतं?

तो पुढंच गेला.

अड्याळले पोचला. घर शोधायची गरज नाई पडली. दारात लाईट, खुर्च्या, माणसं बसलेली.  बायांचा रडायचा आवाज आतून. कैलाश गाडीवरून उतरला, मशीन सोडायले लागला. ताईचा पोरगा टेकचंद समोर आला. त्यानं मशीनकडं पाह्यलं, कैलाशकडं पाह्यलं.

म्हणे, “राहू द्या भाऊ. आई दिवेलागणीलेच गेली.”

“दिवेलागणीले?”

“हाओ. श्वास अडकला... आमी सगळे होतो. काही नाई करता आलं.”

कैलाशनं मोबाईल पुढं केला. “मंग हे कोण पाठवून राहिलं?”

टेकचंदनं वाचलं. म्हणे, “आईचा मोबाईल मीच बंद केला भाऊ. आलमारीत आहे.” आत गेला, घेऊन आला. बंद. थंडा पडलेला.

“अना हा आवाज? तुमच्या घरच्या बाईचा आहे का?”

कैलाशनं लावला. ‘कैलाशभाऊ... दामिनी एकटी आहे.’

टेकचंद खालीच बसला.

“हा आईचा आवाज आहे,” म्हणे. “ऑपरेशनच्या पहिलेचा.”

  टेकचंदनं वर पाह्यलं, डोळे भरलेले. “भाऊ, एक डाव अजून लावा ना.” लावला. “एक डाव अजून.” दोन वर्षं त्या पोरानं आईचा आवाज ऐकला नव्हता. त्याले त्या शब्दांचं काही नव्हतं, त्याले फक्त आवाज पाह्यजे होता. कैलाश लावत गेला. अना लावता लावता त्याले ते शब्द ऐकू आले. खरे ऐकू आले.

दामिनी एकटी आहे.

त्यानं घरी फोन लावला. आता रेंज होती. रिंग गेली... पूर्ण गेली. पुन्हा लावला. पुन्हा गेली. कोणी उचलत नाई.

मशीन तशीच गाडीवर. तो निघाला. कसा आला, कोणत्या रस्त्यानं आला, काही आठवत नाई म्हणे. वाटेत मोबाईल एकदाबी वाजला नाई. तो वाट पाहून राहिला होता का वाजला पाह्यजे. काही तं म्हणावं ताईनं.

काही नाई.

घरी पोचला. वरच्या मजल्याची खोली, आतून कडी. दार ठोकलं. ठोकलं. ठोकलं. बऱ्याच वेळानं गोदावरीबाई उठली, डोळे चोळत आली. “आता आता तं डोळा लागला बापा,” म्हणे. “झोपली ते. चांगली झोपली.”

कैलाशनं दामिनीचा हात धरला.

...

हात थंड होता. केव्हाचाच.

गोदावरीबाईनं छाती बडवून घेतली. महिनाभर डोळ्याले डोळा नव्हता तिच्या, त्या रात्री भिंतीले टेकली अना झोप लागली. फोन उशापाशी वाजला, तिले कळला नाई. तिच्यावर कोणी कायचा राग धरन? कैलाशनंबी नाई धरला. तो नुसता खाटेपाशी बसून राह्यला. रडलाबी नाई. मले फोन केला तवा एवढंच म्हणाला, “मामा, मले सांगितलं होतं गा. तीनदा सांगितलं होतं.”

मी पहाटेच सानगडीहून निघालो. पोचलो तं माणसं जमली होती. दुपारी माती झाली. रिता मॅडमनं ग्रुपात दोघींची नावं सोबतच लिहिली. रात्री टेकचंदचा फोन आला, तो आवाज मले पाठवून द्या म्हणे. कैलाशनं मोबाईल उघडला. पुसून गेला होता. ताईनंच तसं करून ठेवलं होतं ना.  टेकचंद म्हणाला, “जाऊ द्या भाऊ.”

हं. आता एकच गोष्ट राह्यली. ते मी स्वतः पाह्यली.

सकाळी बायांनी दामिनीले आंघोळ घालायले घेतली. मरताना तोंडात पाणी घालते ना आपण, तसं कोणी घातलं नव्हतं तिच्या. तं एक म्हातारी म्हणाली, आता तरी घाला. तिनं दामिनीचं तोंड उघडलं, अना तशीच थांबली. गोदावरीबाईले विचारलं, “तू घातलं का वो बाई?”

“काय?”

म्हातारीनं दारातल्या आम्हालेबी बोलावून दाखवलं. दामिनीचे ओठ ओले होते. जिभेवर तुळशीचं एक पान होतं. हिरवंगार, आताच खुडल्यासारखं, दवाचा थेंब अजून त्याच्यावर.

गोदावरीबाई म्हणाली, “मी नाई घातलं.”

त्या खोलीत तुळस नव्हती पोट्टेहो. मी खालवर पाहून आलो. त्या अख्ख्या बिल्डिंगीत नव्हती.