डावा बूट

“बुर्गी! माझा डावा बूट कुठंय?”

हाक ऐकून बुर्गीनं दूध चुलीवरून उतरवलं आणि ती बूट वाळवायच्या खोलीत गेली. इग्नाझ नुसत्या मोज्यांवर उभा होता. हातात उजवा बूट. डाव्याची खुंटी रिकामी.

“नीट बघितलंस?”

“बाकाखाली, लाकडांमागे, सगळीकडे. आणि नेमका आज!”

आज काय होतं, ते तिला ठाऊक होतं. बर्फावर घसरायच्या स्कीला बूट धरून ठेवणारी एक नवी पकड इग्नाझनं बनवली होती. मुठीत मावेल एवढी. तिच्या दोन खिळ्या बुटाच्या टोकातल्या पोलादी वाट्यांमध्ये शिरल्या की झालं. टाच मोकळी ठेवून डोंगर चढायचा, माथ्यावर टाच अडकवून घसरत उतरायचं. पण तशा वाट्यांच्या बुटांचा जगात एकच जोड होता. इटलीतल्या बूट कारखान्याचे मालक फावेरो ती पकड बघायला तिरोलच्या डोंगरातल्या, बुर्गी चालवत असलेल्या या निवाऱ्यावर मुक्कामाला आले होते. न्याहारीनंतर इग्नाझ समोरची उभी घळ उतरून दाखवणार होता. जमलं, तर कारखाना तसे बूट घडवणार. नाही तर सगळी मेहनत पाण्यात, आणि बायकोचे टोमणे जन्मभर.

बुर्गीनं बाहेरचं दार उघडलं. रात्री पडलेल्या बर्फावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

“बूट घरातच आहे,” ती म्हणाली.

मग तिची नजर शेगडीवरच्या दोरीकडे गेली. डाव्या बुटाच्या आतलं जाड लोकरी नमद्याचं अस्तर तिथे टांगलेलं होतं. जीभ बाहेर ओढून, पार बोटांपर्यंत ऊब पोचेल असं. तिनं आत हात घालून पाहिला. कोरडं होतं.

“हे तू टांगलंस?”

“नाही. काल दमलो होतो. बूट तसाच अडकवला.”

“म्हणजे चोरानं नुसतं प्लास्टिकचं कवच नेलं. आणि जाताना तुझं अस्तर वाळत घातलं.”

इग्नाझचं लक्ष नव्हतं. “क्विरिन!” एवढंच म्हणून तो जेवणघराकडे धावला.

टेबलाशी तिघं बसले होते. फावेरो. जुन्या जड लोखंडी पकडी विकणारा क्विरिन. आणि गावातला कुलूपवाला सेवेरिन. तो इग्नाझचा शाळेपासूनचा मित्र. बुटांत वाट्या बसवायचं काम त्याचंच.

“क्विरिन, बूट दे!”

“तुझी ती फुलपाखरासारखी हलकी पकड माझा धंदा बसवणार, म्हणून मी चोरी करू?” क्विरिन हसला. “अरे, चोरायचंच असतं तर पकड नेली असती. खिशात मावते. भलामोठा बूट कशाला ओढत बसू?”

“रात्री उठला होतास?” बुर्गीनं विचारलं.

“तुझे क्न्योडलचे पावाचे गोळे चापल्यावर कोण उठतंय?” त्यानं पावाचा तुकडा मोडला आणि नाक मुरडलं. “पण पावात काय घातलंस, बुर्गी? औषधाच्या दुकानासारखा वास येतोय.”

तिनं पाव हुंगला. काल भाजलेला पाव. रात्रभर भट्टीच्या वरच्या फळीवर होता.

“सिन्योर फावेरो, तुम्ही काही पाहिलंत?” डोंगरावर सगळेच अरे-तुरे करत, पण पाहुण्याला ती अहो म्हणायची.

“मी बूट बनवतो, बाई. चोरायची वेळ अजून आली नाही.”

सेवेरिन खिडकीबाहेर बघत होता. त्याच्यापुढचा पाव तसाच पडलेला. उजवा हात टेबलाखाली.

“काय रे,” क्विरिननं त्याला डिवचलं, “मुखवटा चढवून गावच्या हिवाळी मिरवणुकीत दिवसभर नाचलास म्हणे. इथं घास उतरत नाही?”

“भूक नाही.” मग तो म्हणाला, “बुर्गी, भट्टी आज कधी पेटवणार?”

“का रे?”

“सहज.”

बुर्गी त्याच्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत एकाही पुरुषानं तिच्या भट्टीची चौकशी केली नव्हती.

ती उठून स्वयंपाकघरात गेली. भट्टीचं लोखंडी दार करकरलं. परत आली तेव्हा तिच्या हातात बुटाचं कवच होतं. तिनं ते टेबलावर ठेवलं. गोंदाचा उग्र वास पसरला.

“इग्नाझचं काम बुडवायचं असतं, तर त्यानं पकड नेली असती,” ती म्हणाली. “बूट घालायचा असता, तर अस्तर सोडलं नसतं. आणि वैरी असता, तर इग्नाझचे पाय गारठू नयेत याची काळजी कशाला केली असती? नेणाऱ्याला फक्त बुटाचं टोक हवं होतं. तेही डाव्याचंच. म्हणजे त्यात खोट आहे, हे त्याला माहीत होतं. गोंद पक्का व्हायला ऊब लागते. रात्रभर ऊब धरते ती माझी भट्टी. वास मात्र पावांनी पकडला. सेवेरिन, हात वर काढ.”

हात वर आला. बोटांवर पिवळट गोंद वाळून बसला होता.

“वाट्या बसवल्या त्या संध्याकाळी मिरवणुकीची तालीम होती,” सेवेरिन खाली बघत म्हणाला. “पोरं दारात घंटा वाजवून मला बोलावत होती. गोंद रात्रभर शेकायला हवा होता. मी तासाभरात बूट याच्या हातात दिला. काल दारात याच्या बुटांवरचं बर्फ झाडताना डावी वाटी हलली. या पाहुण्यांसमोर कसं सांगू? म्हटलं, पुन्हा चिकटवू, पहाटे खुंटीला अडकवू. पण बुर्गी आधीच उठली होती.”

“आणि तिला उशीर झाला असता तर?” इग्नाझनं विचारलं. “मी तो बूट घालून घळीत उतरलो असतो.”

“मी बोललो असतो.”

“कधी?”

सेवेरिन बोटांवरचा गोंद खरवडू लागला.

इग्नाझनं खिळे उपटायची पक्कड घेतली, वाटी धरली आणि ओढली. फारसा जोर लावावा लागला नाही. वाटी सुटून हातात आली. खिडकीतून घळ दिसत होती, खालच्या खडकांपर्यंत.

इग्नाझनं ती वाटी सेवेरिनच्या तळहातावर ठेवली.

फावेरोंनी बूट उचलून बराच वेळ न्याहाळला. “पकड चांगली आहे. पण वाटी चिकटवायची नसते, साच्यातच घट्ट बसवायची असते. पुढच्या हिवाळ्यात दाखवा.” मग त्यांनी मान सेवेरिनकडे वळवली. “काम यालाच देणार?”

“यालाच,” इग्नाझ म्हणाला. “इतकं घाबरून काम करणारा आता दुसरा कुठं मिळायचा?”

क्विरिनसुद्धा हसला. सेवेरिन हसला नाही.

पुढं ती हलकी पकड साऱ्या खोऱ्यात पोचली. दोघं मित्र दर हिवाळ्यात वर येत राहिले. दाराशी सेवेरिन आधी वाकायचा, इग्नाझच्या बुटांवरचं बर्फ झाडायचा, आणि दोन्ही टोकांवर अंगठा दाबून बघायचा.

“चल की आत, म्हाताऱ्या, सूप गार होतंय!” इग्नाझ खेकसायचा.

पण पाय मात्र तो तसाच पुढे धरून ठेवायचा, सेवेरिनचं बघून होईपर्यंत.