हिरव्या दाराचे दावेदार

त्या दिवशी मी गोदामात गेले ती फक्त एका दाराची मापं घ्यायला. युद्धात लुटलेल्या वस्तू नेमक्या कोणाच्या, हे ठरवणाऱ्या कचेरीत मी बावीस वर्षं काढली. चित्रं, मूर्ती, वाद्यं, एकदा तर अख्खा जिना. वस्तू एक आणि हक्क सांगणारे दोन. दोघांना समोरासमोर बसवायचं, ऐकून घ्यायचं आणि कोर्टात न जाता तोडगा काढायचा, हे माझं काम.

दुपारचे तीन वाजले असतील. हिवाळ्यातलं ऊन वरच्या झरोक्यांतून तिरपं उतरत होतं आणि त्यात लाकडाची धूळ तरंगत होती, जणू तिला खाली यायचंच नव्हतं. जवसाच्या तेलाचा वास सगळीकडे. मधोमध, दोन टेकूंच्या आधाराने ते हिरवं कोरीव दार उभं होतं. ना भिंत, ना घर, नुसतं दार.

एका बाजूला हक्क सांगणारे एक आजोबा बसले होते. ते आठ वर्षांचे असताना सैनिकांनी त्यांचं घर रिकामं केलं, हे दार बिजागऱ्यांसकट उचलून ट्रकमध्ये घातलं. दुसऱ्या बाजूला एक निवृत्त शिक्षिका, सगळे त्यांना बाईच म्हणायचे. त्यांच्या वडिलांनी दार लिलावात रीतसर घेतलं, दोन्ही बाजूंनी हिरवं रंगवलं आणि दिवाणखान्यात शोभेला म्हणून कोऱ्या भिंतीवर ठोकलं. बाई त्याच्यासमोर लहानाच्या मोठ्या झाल्या. कागदपत्रं त्यांच्याकडे होती. आजोबांकडे नुसती आठवण.

"आतल्या बाजूला, बिजागरीजवळ खुणा असतील," आजोबा म्हणाले. "बाबा दर वाढदिवसाला आम्हाला दाराला पाठ टेकवून उभं करायचे आणि डोक्याशी खिळ्याने रेघ ओढायचे. माझ्या आठ. चिमीच्या पाच."

"चिमी म्हणजे बहीण? कुठे असतात त्या?" मी विचारलं. अर्जात तशी जागा असते.

"ते लोक आले तेव्हा ती दारामागे लपली होती. मी पाहिलं होतं तिला लपताना. मग त्यांनी दार उचललं... मागे कोणीच नव्हतं."

ते इतकं सहज बोलले, की मी आधी लिहून टाकलं आणि मग माझा पेन थांबला.

सुतारमामा आमच्याकडे जुनी लाकडं दुरुस्त करायचे. त्यांनी पातं घेतलं आणि बिजागरीजवळचा रंग हळूहळू खरवडायला लागले. हिरवे पापुद्रे जमिनीवर पडत होते. बराच वेळ तेवढाच आवाज. मग डावीकडे रेघा दिसल्या. आठ. उजवीकडे पाच.

"आहेत की," बाई हळूच म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता, पण मान वळली नव्हती.

मामांचा हात थांबला नाही. पाचव्या रेघेच्या वर सहावी निघाली. मग सातवी. रंग निघत गेला तशी चिमी वाढत गेली. आठ वर्षांच्या भावाला तिने मागे टाकलं. शेवटची रेघ माझ्या कपाळाशी आली आणि तिच्या वर नुसतं कोरं लाकूड.

"मामा, या रेघा नंतर कोणी..."

"रंग एकदाच लागलाय ताई. आणि या सगळ्या त्याच्या खाली आहेत." त्यांनी पातं पुसलं आणि बाहेर जाऊन उन्हात उभे राहिले.

आजोबा रेघांवरून बोट फिरवत होते, झोपलेल्या मुलाच्या केसांवरून फिरवावं तसं.

"वर्षातून एकदा आवाज यायचा," बाई म्हणाल्या. "खरखर... दाराच्या मागून, भिंतीकडच्या बाजूने. बाबा म्हणायचे, उंदीर असेल. घरात मी एकटीच मूल. मी दाराला पाठ लावून उभी राहायचे. वाटायचं, पलीकडूनही कोणीतरी पाठ टेकवलीय. ऊब लागायची हो..."

त्यांनी माझ्या हातातला अर्ज घेतला, आपला दावा सोडल्याची सही केली. "दार यांचं आहे. मला फक्त अधूनमधून भेटायला येऊ द्या." कोणाला, ते आम्ही विचारलं नाही.

ताबा दिल्यावर सहा महिन्यांनी एकदा वस्तू पाहून यायची असते. मी गेले तेव्हा आजोबांच्या सुनेने चहा ठेवला आणि मला त्यांच्या खोलीत बसवलं. दार भिंतीला टेकून होतं, खुणांची बाजू खोलीकडे. बाई दर आठवड्याला येतात, त्यांची खुर्ची दाराजवळच होती. मी दाराकडे पाठ करून तिच्यावर बसले. पडदा ओढलेला, खोली अर्धवट झोपेत असल्यासारखी. कुठूनतरी ओल्या लाकडाचा वास येत होता.

"एक नवी रेघ आलीय," आजोबा म्हणाले.

मी मागे वळून, वाकून पाहिलं. रेघ होती, पण खाली, माझ्या कमरेच्याही खाली. कडेला लाकडाचा बारीक, ताजा भुसा.

"एवढी खाली?"

"वय झालं तिचं. आता उभं राहवत नाही. बसते."

"दाराच्या... कोणत्या बाजूला?"

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला, पुढे झाले आणि माझ्या हाताला अगदी हलकेच धरलं.

"खुर्ची जरा पुढे ओढून घे, पोरी... तिला पाय पसरायला जागा लागते."