उडीआधीचं पाणी

दहा मीटर उंचीवरून शांत पाणी दिसत नाही. तळाच्या फरश्या दिसतात, त्यांच्यावर आभाळ पसरलेलं दिसतं, पण पाणी नेमकं कुठं सुरू होतं ते काही केल्या कळत नाही. ते कळलं नाही की गिरकीतून अंग उघडायची वेळ चुकते, आणि मग पाणी भिंतीसारखं लागतं. म्हणून मनोऱ्यावरून सूर मारणाऱ्यासाठी काठावर एक माणूस रबरी नळी घेऊन उभा राहतो आणि पाण्यावर बारीक फवारा सोडत राहतो. पाण्याला सुरकुत्या पडल्या की वरच्याचा जीव भांड्यात पडतो.

भूमध्य समुद्राकाठच्या देशांचे पहिलेवहिले सामने अलेक्झांड्रियात भरले, त्या ऑक्टोबरात ही नळी रिफअतच्या हातात होती. बाकीच्या स्पर्धकांसाठी तलावावरचा नोकर फवारा धरायचा. शौकीची पाळी आली की रिफअत नोकराच्या हातातून नळी काढून घ्यायचा. शौकी त्याचा धाकटा भाऊ. बाप गेला तेव्हा पोरगं रांगत होतं. अन्फुशीच्या धक्क्यावरच्या खडकांवरून पहिली उडी मारायला रिफअतनंच शिकवलं होतं.

रिफअत स्वतः एके काळी चांगला सूर मारायचा. एकदा पाण्यात तिरका शिरला, उजव्या कानाचा पडदा फाटला आणि तो विषय तिथंच संपला. आता तो शाळेत पोरांना विज्ञान शिकवायचा. आईनं दोघांपैकी एकाचीही उडी कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती. सामन्याच्या सकाळी दारात उभी राहून ती रिफअतला एवढंच म्हणाली, "तुझा कान गेला, मी काही बोलले नाही. याला काही झालं तर तुझं तोंड बघणार नाही."

"आई, उडी मारायची आहे, लढाईला नाही चाललो," शौकी तिच्या गालाचा मुका घेत म्हणाला. आई हसली, पण रिफअतवरची नजर तिनं काढली नाही.

पहिला प्रकार आदल्या दिवशीच्या सरावात घडला होता. शौकी हवेत होता, गुडघे छातीशी घेऊन गिरकीत होता. रिफअत रिवाजाप्रमाणे पाण्याकडे बघत होता, कारण नळी धरणाऱ्यानं वर बघायचं नसतं. फवाऱ्याच्या पलीकडे, जिथं शौकी शिरणार होता बरोबर तिथं, पाणी उघडलं. गोल कडं उठलं, मधून पांढरं पाणी उसळलं. मग शौकी त्या कड्याच्या मधोमध शिरला. नळीतून हवेचा गोळा सुटला असेल, अशी रिफअतनं मनाची समजूत घातली. जुनी नळी असली की असं होतं.

सामन्याच्या दिवशी नळी नवी होती.

पायऱ्या माणसांनी फुलून गेल्या होत्या. तुर्मुसचे खारवलेले दाणे विकणारे ओरडत होते, कुणीतरी बिगुल वाजवत होतं, समुद्राकडचा वारा झेंड्यांशी झटत होता. नापोलीच्या एका उंच गड्याचं पारडं सगळ्यांत जड मानलं जात होतं आणि शौकीचं त्याच्या खालोखाल. शौकीची पहिली उडी जाहीर झाली. त्याचे पाय फळीवरून सुटले त्याच क्षणी पाणी उसळलं, चांगलं गुडघाभर. आवाजही आला, रिफअतच्या धड कानानं तो स्पष्ट ऐकला. त्यानं दचकून आजूबाजूला पाहिलं. हजारो माना वर वळलेल्या होत्या, आणि पाण्याकडे बघणारा तो एकटाच होता.

शौकी आत शिरला तेव्हा फारसं पाणी उडालंच नाही. पंचांनी पाट्या वर केल्या आणि लोकांनी टोप्या उडवल्या. सूर मारणाऱ्याची सगळी करामत शेवटी एवढ्यावरच तर जोखतात, पाणी किती कमी उडालं यावर.

"काय खाऊ घातलंस रे भावाला?" शौकीचे प्रशिक्षक कॅप्टन सिद्की रिफअतच्या पाठीवर थाप मारत म्हणाले. पोट सुटलेला, गळ्यात शिट्टी अडकवलेला, मोठ्या मनाचा माणूस. "सुईसारखा शिरला पोरगा!"

दुसऱ्या उडीच्या वेळी शौकी मनोऱ्याच्या टोकाशी उभा राहून तळहात पुसत होता, तेव्हाच पाणी उसळलं. त्याच्या पुढच्या खेपेला तो अजून शिडीच चढत होता. या वेळी पाण्याचे शिंतोडे काठावर आले आणि रिफअतचे बूट भिजले. त्यानं वाकून बुटाला हात लावला. गार, खरं पाणी. तलावात दुसरं कुणीही नव्हतं. कडी विरत विरत काठाला लागली, पाणी पुन्हा सपाट झालं, आणि मग कुठं वर शौकीचं नाव पुकारलं गेलं. तो शिरला तेव्हा पाण्यावर जेमतेम एक रेघ उमटली.

लोक वेडे व्हायचे बाकी राहिले होते. नापोलीवाला मागं पडला होता.

रिफअतनं कॅप्टनना बाजूला ओढलं. "कॅप्टन, पाणी आधी उडतंय."

"कशाच्या आधी?"

"शौकीच्या. तो उडी मारायच्या आधी. आणि दर खेपेला जास्तच आधी. माझे बूट बघा."

कॅप्टननी बूट पाहिले. मग रिफअतकडे पाहिलं. "नळीवाल्याचे बूट ओले! वाहवा, केवढा हा चमत्कार." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मास्तर, कान गेला तेव्हा तू खेळ सोडलास, मी समजू शकतो. आता डोळेही गेले म्हणू नकोस. एक उडी राहिली आहे. एकच. पोराचं सोनं होतंय, त्यात माती कालवू नकोस."

रिफअतला राग आला, आणि लाजही वाटली. खरं सांगायचं तर त्यालाही ते सोनं हवं होतं. मागच्या तीन उड्यांत तोंडातून ब्र काढला नव्हता, तो काय उगाच?

शौकी बाकावर झगा पांघरून बसला होता. केस ओले होते, ओठ थोडे पांढरे पडले होते. रिफअत त्याच्या शेजारी टेकला.

"दमलास?"

"नाही दादा. उलट अंगाला काही लागतच नाही." तो स्वतःच्या तळहातांकडे बघत होता. "एरवी शिरताना हातांना चपराक बसते ना? आज बसतच नाही. मी नुसता खाली खाली जातो, आणि पार तळाशी गेल्यावर कळतं की आपण पाण्यात आहोत."

"आणि?"

"आणि खाली पाणी ढवळलेलं असतं. कुणीतरी नुकतंच शिरून गेल्यासारखं. माझ्या भोवतीनं बुडबुडे वर चाललेले असतात. माझे नसतात ते, मी तर श्वास रोखलेला असतो." तो हसला, पण ते हसू काही जमलं नाही. "आधी वाटलं, तुझा फवारा जोरात आहे."

त्याचं वाक्य पुरं होतं न होतं तोच तलावात धाडकन पाणी उसळलं. मनोऱ्याच्या बरोबर समोर. मनोऱ्यावर कुणी नव्हतं. शौकी इथं होता, बाकावर, झगा पांघरून. आता मात्र त्यानंही पाहिलं.

कडी काठाला येऊन विझली.

"शौकी," रिफअत म्हणाला, "घरी चल."

"काय?"

"पोटात दुखतंय म्हण. पाय मुरगळला म्हण. मी सांगतो कॅप्टनना. आपण आत्ता उठू आणि घरी जाऊ."

शौकीनं पाण्याकडे पाहिलं. घाबरला होता तो, रिफअतला त्याच्या मानेची शीर उडताना दिसत होती. लहानपणी खडकावर उभा राहायचा तेव्हाही ती अशीच उडायची. "दादा, आज मी सोडलं तर पुन्हा या मनोऱ्यावर चढणार नाही, हे तुलाही माहीत आहे. तू चढलास का परत?" मग त्यानं झगा काढून रिफअतच्या मांडीवर टाकला. "पाणी उडालं तर उडालं. तू फक्त फवारा नीट धर."

कर्ण्यातून त्याचं नाव आलं आणि पायऱ्यांवरचा सगळा जमाव उभा राहिला.

शौकी शिडी चढू लागला. रिफअत नळी हातात घेऊन काठावर गेला आणि त्याच्या डोक्यात एकाएकी अगदी सोपा विचार आला. पाणी दिसलं नाही तर शौकी उडी मारणार नाही. त्यानंच तर शिकवलं होतं ते, कान उपटून शिकवलं होतं: पाणी दिसल्याशिवाय पाय सोडायचा नाही. पंच वाट बघतील, शिट्टी वाजवतील, उडी बाद करतील. सोनं जाईल. शौकी आयुष्यभर बोलणार नाही. न का बोलेना.

त्यानं नळ बंद केला.

फवारा ओघळत ओघळत थांबला. वारा पडला होता. तलाव हळूहळू सपाट झाला आणि त्यात आभाळ आलं.

वर शौकी टोकाशी येऊन उभा राहिला. त्यानं हात पुढं केले, खाली पाहिलं, आणि हात पुन्हा खाली घेतले. मग बोटांनी खूण केली. फवारा.

रिफअतनं मान हलवली. नाही.

पायऱ्यांवर कुजबुज सुरू झाली. पंचांच्या मेजावरून कुणीतरी फ्रेंचमध्ये ओरडलं. कॅप्टन सिद्की पोट सांभाळत धावत आले. "नळ सोड! अरे, डोकं फिरलं का तुझं? नळ सोड!" रिफअतनं नळाच्या चावीवर दोन्ही हात घट्ट दाबून धरले. कॅप्टन त्याची बोटं उचकटू लागले. "सख्ख्या भावाचा घात करतोस, लाज वाटत नाही?"

"नाही वाटत," रिफअत म्हणाला. त्याला रडू येत होतं.

आणि मग पाण्याला सुरकुत्या पडल्या.

मनोऱ्यासमोर, हातभर रुंदीच्या गोलात, बारीक बारीक टिपके उठू लागले. नळीचा फवारा पडतो तसेच. वरून काहीही पडत नव्हतं. ऊन लख्ख होतं. नळी रिफअतच्या पायाशी पडली होती, तिच्या तोंडातून थेंबसुद्धा येत नव्हता.

"हां, आता कसं!" कॅप्टन धापा टाकत म्हणाले आणि हात झटकून वर बघू लागले.

वर शौकीचा चेहरा उजळला. त्यानं रिफअतला हात केला, आभार मानल्यासारखा.

"शौकी, नको!" रिफअत बोंबलला. त्याच वेळी सगळ्या पायऱ्या ओरडल्या.

या वेळी नळी धरणाऱ्यानं वर पाहिलं. भाऊ हवेत झेपावला, एक गिरकी, दुसरी, मग सरळ झाला. इतका सुंदर सूर रिफअतनं जन्मात पाहिला नव्हता.

तो पाण्यात शिरला.

पाणी हललं नाही.

आवाज नाही, थेंब नाही, एक कडंही नाही. टिपके थांबले होते. तलावात आभाळ होतं तसंच होतं.

मग जो गलका उठला त्यानं रिफअतचा फुटका कानसुद्धा दुखला. पंच उभे राहिले होते. पाट्या वर होत्या. माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. तलावाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. रिफअत तेवढा काठावर गुडघे टेकून खाली डोळे ताणत होता. तळाच्या फरश्या दिसत होत्या. बुडबुडा दिसत नव्हता.

"दादा!"

शौकी पलीकडच्या शिडीवरून वर आला होता. धावत आला आणि रिफअतच्या गळ्यात पडला. "जिंकलो, दादा! कॅप्टन काय म्हणतात, तू नळ बंद केलास? थट्टा करतात का? इतका झकास फवारा तर आजवर कधी धरला नव्हतास." तो हसत होता, तोच आवाज, तीच मिठी. रिफअतनं त्याला घट्ट धरून ठेवलं. आपला शर्ट कोरडाच आहे हे त्याच्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं.

दिवस मावळायच्या आत ते घरी पोचले. बातमी ट्रामनं आधीच पोचवली होती. जिन्यात शेजारणी जीभ हलवून आनंदाचा कल्लोळ करत होत्या. आईनं शौकीचं तोंड दोन्ही हातांत धरलं, पदकाचा मुका घेतला, मग रिफअतचाही घेतला. "आणलास माझा पोरगा," ती म्हणाली. तिनं लग्नाकार्याला करतात तसं लाल गुलाबाचं शरबत केलं होतं. सगळ्यांत पहिला पेला शौकीला.

त्यानं तो एका दमात संपवला. मान मागं टाकून, गळ्याची घाटी वरखाली होत होती, सगळे बघत होते. पेला मेजावर ठेवून त्यानं तळहातानं ओठ पुसले.

"आई, दे ना शरबत. तहानेनं जीव चाललाय माझा."

"दिलं की आत्ता!"

"रिकामा पेला दिलास. थट्टा पुरे झाली, सकाळपासून घशाखाली थेंब गेलेला नाही."

शेजारणी खो खो हसल्या. आईही हसली, तिनं लाडानं त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि शरबताचा जग उचलला. मग ती तशीच थांबली. दुसरं शरबत ओतायला पेल्यात जागा नव्हती. तो काठोकाठ लाल भरलेला होता.