लोड चार टक्के

कामाच्या कागदावर एवढंच होतं: मशिनच्या वर-खाली होणाऱ्या डोक्याची सर्वो मोटर उभ्या जागी गुणगुणते, ट्यून करून द्यावी. तासाभराचं काम. सुट्टीचा दिवस, शेडमध्ये एकच मशिन चालू आणि एकच माणूस, जुने ऑपरेटर. त्यांना सगळे मामा म्हणतात. मी स्वतःच्या फोनलाही दचकणारी. त्यात भर दुपारी आत दिवे लावावे लागलेले, आणि मशिन गार ठेवणाऱ्या, साचलेल्या कूलंटचा आंबट वास.

"मशिनकडे पाठ करून बसू नका, ताई," मामा म्हणाले.

"का?"

"उगीच."

लॅपटॉप जोडला. गेन, म्हणजे मोटरचा उतावळेपणा, बेसुमार चढलेला होता. तो पायरीपायरीने उतरवला, तशी गुणगुण थांबली. खूश होऊन मोटरवरचा लोड पाहिला. चार टक्के.

चारशे किलोचं डोकं नुसतं तोलून धरायला मोटरला पस्तीस टक्के तरी जोर लागतोच. मग बाकीचं वजन कोण उचलत होतं? वीज गेली की डोकं धरून ठेवणारा ब्रेक अडकून बसला असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि झाकण काढलं. ब्रेकचं अस्तर झिजून आरशासारखं गुळगुळीत. त्याने टोपीसुद्धा धरली नसती. आणि आलेखावर दर काही मिनिटांनी लोड क्षणभर चढायचा, पुन्हा चारवर यायचा. दमलेला माणूस हात बदलतो ना... तसा.

"मामा, इथे..."

"माझा धाकटा भाऊ," ते हळूच म्हणाले. "पहिलवान म्हणायचे त्याला. डोक्याखाली लाकडी ठोकळा लावायचा नियम आहे. पण ठोकळा गोदामात, आणि साहेबांना घाई. मग ब्रेकच्या जोडीला हा हातांनी धरून उभा राहायचा, आम्ही खाली काम उरकायचो. चार महिन्यांपूर्वी ब्रेक सुटला... मला ढकललं त्याने, स्वतः खाली राहिला. अहवालात लिहिलंय, चूक त्याचीच. त्याची पोर शाळेत बोलणी ऐकून घेते. तेव्हापासून मशिन बंद होतं, कालच चालू केलं."

तेवढ्यात साहेब आले. ब्रेक झिजलाय असं मी सांगताच त्यांनी स्वतःच मोटरची वीज तोडली. डोकं तसूभरही हललं नाही.

"बघितलंस? ब्रेक ठणठणीत. तसं लिही आणि सही कर. नाहीतर तुमच्या ऑफिसला सांगतो, पोरीबाळी पाठवत जाऊ नका."

नोकरीचा तिसराच महिना. तरी म्हटलं, "सांगा. झिजलेल्या ब्रेकला मी ठणठणीत लिहिणार नाही."

"मग हे धरलंय कुणी?"

"तेच दाखवते."

मामांनी गोदामातून ठोकळा आणला. दोघांनी तो डोक्याखाली सरकवला. वर चार बोटं फट राहिली. त्या फटीतून घामाचा ऊबदार वास आला.

"दादा... ठोकळा लावलाय. खाली कुणी नाही. ब्रेक खराब होता हे मी लिहितेय, कुणी काही म्हणो. सोडा आता."

साहेब हसले. ते हसू ओठांवर असतानाच डोकं धाडकन ठोकळ्यावर बसलं. पायाखालची फरशी हादरली. मामांनी डोळे मिटले.

मी लिहिलं: ब्रेक निकामी, झीज जुनी, ठोकळा काढू नये. खाली सही केली आणि साहेबांच्या देखत एक प्रत मामांच्या खिशात घातली. साहेब ठोकळ्याकडेच बघत होते. फोन त्यांनी काढला नाही.

निघाले तेव्हा बाहेर लख्ख ऊन होतं. माझी हत्यारांची बॅग बारा किलोची, रोज खांदा मोडते. फाटकाशी आल्यावर लक्षात आलं, पट्टा खांद्याला टोचतच नव्हता.

मी वळून पाहिलं नाही.

"दादा," मी म्हणाले, "माझं ओझं मी उचलते."

बॅग क्षणभर जड झाली. मग पुन्हा हलकी... हात बदलल्यासारखी.