तिच्या मापाची चादर

चादरीला भोक पडलं की आमच्याकडे त्याला तीनच वाटा. नाण्याएवढं असेल तर रफू, तळहाताएवढं असेल तर ठिगळ, आणि त्याहून मोठं असेल तर चादर फाडून फरशी पुसायची फडकी. एका मोठ्या दवाखान्याच्या धुलाईखान्यात, शिलाईच्या टेबलावर, मी अकरा वर्षं हेच करतेय. माझं रफू उजेडासमोर धरलं तरच दिसतं, आणि तेही फक्त मला. फुशारकी मारत नाहीये. पुढे लागणार आहे म्हणून सांगतेय.

आणि हेही आत्ताच सांगून टाकते, की माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. नवरा म्हणतो, चर्चचे पाळकसाहेब म्हणतात. म्हणोत बापडे! जे झालं त्यावर मी अजून चिडलेलीच आहे, आणि ते गोडीगुलाबीनं सांगणं मला जमणार नाही.

आमच्या भागात वर्षातून एकदा मुलांचा भुतांचा दिवस असतो. पोरं भुतांची, चेटकिणींची, सांगाड्यांची सोंगं घेतात आणि संध्याकाळी उजेड असेपर्यंत दारोदार चॉकलेटं गोळा करत फिरतात. आम्ही चर्चला जाणारी माणसं. त्यामुळे हा दिवस जवळ आला की आमच्यातले आईबाप धास्तावतात. यंदा तर उपासनेनंतर चक्क बैठकच बसली. एक आजोबा म्हणाले, पडदे ओढा, दिवे घालवा, घरात कुणी नाहीच असं दाखवा. एक तरुण आई म्हणाली, जाऊ द्या की हो, पोरांना चॉकलेटं हवी असतात, सैतान नको असतो. तिच्याकडे सगळ्यांनी असं काही बघितलं की बिचारीनं खाली मान घातली. माझा नवरा शाळेची बस चालवतो आणि रविवारी मंडळीतल्या मुलांचा वर्ग घेतो. तो म्हणाला, "अंधाराशी खेळ नकोच." शेवटी पाळकसाहेबांनी मधला मार्ग काढला. त्याच दिवशी, त्याच वेळेला, चर्चच्या सभागृहात दिव्यांची संध्याकाळ. मुलांनी सोंगं घ्यायची, पण शास्त्रातली, म्हणजे बायबलमधली. आमच्या खारूला कोकरू व्हायचं ठरलं.

खारू म्हणजे माझी मुलगी, वय सात. खोडरबर, मणी, बाटल्यांची झाकणं, हाताला लागेल ते साठवून ठेवते म्हणून खारू. तासभर सगळी मोठी माणसं मुलांबद्दल बोलत होती, पण एकाही शहाण्यानं एकाही मुलाला काही विचारलं नाही. त्या शहाण्यांत मीही आले. खारू माझ्या मांडीला टेकून बसली होती. तिनं हळूच विचारलं, "पण मग ती कशी जाणार?"

"कोण गं?" एवढंच तर विचारायचं होतं मला. मी म्हणाले, "मोठी माणसं बोलताना मधे बोलायचं नाही."

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, आणि त्यांच्यामधल्या अरुंद बोळात भिंतीत एक खोल कपाट. त्यात अंथरुणं-पांघरुणं असतात. त्या आठवड्यात त्या कपाटात दोन गोष्टी माझ्या नजरेत आल्या. एक म्हणजे घड्या. धुलाईखान्यात घडी तिहेरी घालतात आणि काठ आत जातो. घरीही माझा हात तसाच वळतो. पण कपाट उघडावं तर चादरींचे काठ बाहेर. दुसरं म्हणजे सगळ्यात खालच्या गादीवर मधोमध खोलगट जागा पडलेली असायची, कुणी बराच वेळ बसून उठल्यावर पडते तशी. हात लावला तर ऊब लागायची. मागच्या भिंतीतून गरम पाण्याचा पाइप जातो. मी म्हटलं, पाइपच असणार. घड्यांसाठी खारूवर डाफरले.

"मी नाही केलं," ती म्हणाली.

"मग काय भुतानं केलं?"

तिनं माझ्याकडे बघितलं, मग कपाटाकडे.

बुधवारी कामावरून आले तर खारू बोळात बसलेली. मांडीवर माझी पांढरी चादर, लग्नात आईनं दिलेली, वर्षातून एकदा बाहेर निघणारी. तिच्यात दोन गोल भोकं. आणि शेजारी माझी कामाची कात्री! तळपायाची आग मस्तकात गेली.

"भूत व्हायचंय तुला? एवढं सांगून झालं तरी?" मी ती चादर तशीच तिच्या डोक्यावर टाकली. भोकं तिच्या डोळ्यांवर येईनात. नाक मधोमध धरलं तर एक या कानावर, एक त्या कानावर. दोन्हींच्या मधे चांगलं वीतभर अंतर होतं. "माप तरी धड घ्यायचंस, कार्टे!"

चादरीच्या आतून आवाज आला, "माझं माप नाहीये ते. तिचं आहे."

मग एकेक बाहेर पडलं. ती कपाटात असते. तिला जायचंय, पण रस्त्यानं जाताना लोक विचारतील तू कोण, आणि तिला सांगता येत नाही. भुतांच्या दिवशी सगळेच सोंगात असतात, तेव्हा कुणी कुणाला विचारत नाही. चादर पांघरून ती पोरांबरोबर जिना उतरेल, बेकरीच्या कोपऱ्यापर्यंत जाईल, आणि मग जाईलच. "मी कबूल केलंय तिला," खारू म्हणाली. डोळे पाण्यानं भरलेले, पण आवाज ठाम.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो कपाटाच्या दारावर हात ठेवून प्रार्थना करायला लागला. मग म्हणाला, "त्या असल्या दिवसामुळे हे मुलांच्या डोक्यात भरतं."

"दिवसामुळे नाही, तुमच्या बैठकीमुळे! तासभर सैतान, अंधार, भुतं. पोरगी ऐकत नव्हती होय?"

"तूही होतीस बैठकीत."

झालं. दूध उतू जाईपर्यंत आम्ही भांडलो. चूक कुणाची यावर भांडलो, आणि जिच्यासाठी भांडत होतो ती दोघांच्या मधे उभी होती. तिला कुणी जवळसुद्धा घेतलं नाही. आठवलं की आजही डोक्यात तिडीक जाते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चादर रफू करायला घेतली. त्याच चादरीच्या काठातून दोरे उपसले, म्हणजे रंग तंतोतंत जुळतो. खारू टेबलाशी येऊन उभी राहिली.

"आई, नको ना गं. तिला दिसणार नाही."

"नाही दिसलं तर बरंच," मी म्हणाले. माझ्या तोंडचे शब्द आहेत हे.

दोन तास लागले. दोन्ही भोकं अशी बुजवली की हात फिरवला तरी कळू नये. तिहेरी घडी घातली, काठ आत घेतला आणि चादर कपाटात सगळ्यात वर ठेवली.

भुतांचा दिवस शनिवारी आला. नवरा खुर्च्या मांडायला पुढे गेला होता. पाच वाजता मी खारूला कापसाचे कान बांधले आणि निघाले. दाराला कुलूप लावून किल्ली दोनदा फिरवली, हे मला पक्कं आठवतं. जिन्यात मुखवटे घातलेल्या पोरांचा नुसता धुडगूस चालला होता. खारू तेवढ्यातही मोठमोठ्यानं गायला लागली. रविवारच्या वर्गातलंच गाणं, पण बेंबीच्या देठापासून. दर चार पायऱ्यांवर मागे वळून बघायची.

"केवढ्यानं गातेस! लोक बघतायत."

"गाऊ दे ना. नाहीतर तिला वाट कशी कळणार?"

मी पाय उचलला. आधीच उशीर झाला होता. बेकरीच्या अलीकडेच सभागृहाचं फाटक लागतं. सगळी सोंगं पुढच्या कोपऱ्याकडे चालली होती. खारूनं माझा हात दोन्ही हातांनी धरला.

"आई, कोपऱ्यापर्यंत चल. फक्त तिथपर्यंत. मग मी कोकरू होते, काय म्हणशील ते होते."

चाळीस पावलं. मी नंतर मोजली. चाळीस पावलं मी माझ्या पोरीसाठी चालले नाही. दंडाला धरून तिला फाटकातून आत ओढलं.

सभागृहात खिडक्यांच्या कट्ट्यांवर दिवे लावले होते. मेंढपाळ होते, राजे होते, पुठ्ठ्याचे पंख लावलेले पाच-सहा देवदूत होते. मुलांना तीन रांगांत उभं केलं. खारू पहिल्या रांगेत. मी दाराशी उभी राहिले. त्या सभागृहाला तेवढं एकच दार आहे.

दुसरं कडवं चालू असताना माझ्या खांद्याला काहीतरी घासून पुढे गेलं. खळ घातलेल्या कापडाचा वास आला. माझ्या कामाचाच वास. वर्षानुवर्षं नाकात बसलेला, त्यामुळे आधी काही वाटलंच नाही.

पांढरी चादर पांघरलेलं एक पोर होतं, खारूपेक्षा वीतभर उंच. एका हातानं भिंत चाचपत ते चाललं होतं.

"अरे, अजून एक देवदूत आला!" नवरा हसून म्हणाला. लोकही हसले. त्यानं कौतुकानं त्या पोराचा हात चादरीवरूनच धरला आणि त्याला रांगांसमोर आणून सोडलं. मग आपला हात शर्टाला पुसला. दोनदा पुसला.

खारूनं गाणं थांबवलं.

बाकीची पोरं गातच होती. चादर समोर उभी होती, आणि आतलं डोकं या खांद्याकडून त्या खांद्याकडे वळत होतं. ऐकत होतं.

मग चादरीतून एक हात पुढे आला. पहिल्या मुलाच्या तोंडाशी गेला, तिथून दुसऱ्याच्या. पोरं हसत होती, त्यांना गंमत वाटत होती.

मी पुढे निघाले. चादरीच्या पलीकडे खिडकीतला दिवा होता. त्या उजेडात मला दिसलं.

माझं रफू. दोन गोल, वीतभर अंतरावर.

हात खारूच्या कापसाच्या कानांना लागला. गालावरून उतरला. तिच्या मिटलेल्या तोंडावर येऊन थांबला आणि तिथेच राहिला.

मी चादर धरली आणि जीव खाऊन ओढली.

माझ्या हातात चादर आली. नुसती चादर. उबदार.

"अगं, काय हे! लहान पोर होतं," नवरा ओरडला. लोक म्हणाले, कुणाचं तरी टारगट पोरगं, घाबरून पळालं. चार जणांनी त्याला पळताना पाहिलं म्हणे. कुठून पळालं ते एकालाही सांगता येईना, आणि दाराच्या वाटेत तर मीच उभी होते.

खारूला उचलून मी घरी पळाले. कुलूप होतं तसंच होतं, दोन फेऱ्यांचं. कात्रीनं रफू फाडून काढलं. भोकं होती त्याहून मोठी झाली. कपाट उघडलं, घराचं दार सताड उघडं टाकलं आणि चादर पसरून बोळात उभी राहिले.

"जा!" मी ओरडले. "जा ना बाई! कोण अडवतंय आता तुला?"

जिना रिकामा होता. सात वाजून गेले होते. सोंगं उतरवून पोरं आपापल्या घरी जेवायला बसली होती. खारूनं वहीचं पान फाडलं आणि त्यावर लिहिलं, 'आजचा दिवस संपला. आता सगळे विचारतील.'

त्या संध्याकाळपासून खारू बोललेली नाही. चार महिने होत आले. दवाखान्यातले डॉक्टर म्हणतात घसा उत्तम आहे. नवरा प्रार्थना करतो, आणि आता रडतोसुद्धा. परवा पाळकसाहेब आले, म्हणाले, "धीर धरा." मी म्हटलं, "साहेब, धीर पुष्कळ आहे, तुम्ही फक्त पुढच्या वर्षी बैठक घेऊ नका. मी दार उघडं ठेवणार आहे, आणि तिला कोपऱ्यापर्यंत स्वतः हात धरून नेणार आहे." ते चहा न घेताच गेले. खारूला विचारलं, बाळा, का बोलत नाहीस? तिनं लिहिलं, 'ती आवाज धरून येते.' ते पान मी घडी घालून पर्समध्ये ठेवलंय.

काल दुपारी सुट्टी होती. आम्ही दोघी टेबलाशी बसलो होतो. मी मटार सोलत होते. ती समोर बसून, ओठ घट्ट मिटून, दाणे रांगेत लावत होती. बाहेर लख्ख ऊन होतं.

"आई," बोळातून हाक आली.

खारूचाच आवाज. चार महिन्यांत न ऐकलेला, स्वच्छ, थोडा लाडातला. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इतकी भुकेली होते मी त्या आवाजाला.

"आई, इकडे ये ना."

सवयीनं 'ओ' द्यायला मी तोंड उघडलं. खारू टेबलावरून पुढे वाकली. दाणे खाली सांडले. तिनं दोन्ही हात माझ्या तोंडावर घट्ट दाबून धरले.